ही सावली कुठल्या गावची?

आमच्या घरात 'आर्किटेक्ट' हा शब्द अब्बांमुळे आला, आणि तो फार आदराने आला असं काही म्हणता येणार नाही. अब्बांनी चाळीस वर्षं सोलापुरात गवंडीकाम केलं. संध्याकाळी हातपाय धुऊन चहाला बसले की साईटवरच्या गोष्टी निघायच्या. त्यात कॉन्ट्रॅक्टर असायचा, सेंट्रिंगवाला असायचा, आणि अधूनमधून पांढऱ्या गाडीतून येणारे आर्किटेक्टसाहेब असायचे. साहेबांच्या कागदावर जिना असायचा. पण त्या जिन्यावरून चढणाऱ्याचं डोकं बीमला लागेल हे अब्बांच्या लक्षात यायचं. "कागद को सर नै लगता ना," असं म्हणून ते हसायचे.

त्याच अब्बांची धाकटी मुलगी २०२२ साली बी.आर्च.ला लागली. घरात तिला सगळे छोटीच म्हणतात, इथेही तेच म्हणू. दहावीपर्यंत उर्दू माध्यम, मग विज्ञान शाखा, मग नाटा परीक्षा. आम्ही, म्हणजे आम्ही नवराबायको, दोघंही उर्दू शाळेत शिक्षक, दोघंही बी.एड. एकाकडे गणित-विज्ञान, दुसरीकडे उर्दू आणि इतिहास. घरात शिकलेले आम्हीच, त्यामुळे छोटीच्या शिक्षणाबाबतचे सगळे निर्णय आमच्याकडे आले. फी, वसतिगृह, बस हे आम्हाला कळत होतं. पण पहिल्या सत्रानंतर ती एक यादी घेऊन आली: ऑटोकॅड, स्केचअप, रेव्हिट, रायनो, व्ही-रे, लुमिऑन, फोटोशॉप. "भाई, यातलं कुठलं घ्यायचं ते तुम्ही आणि भाभी बघा." बघा म्हणजे काय बघा? आम्ही शाळेच्या निकालपत्रकासाठी एक्सेल शिकलेली माणसं.

लॅपटॉप तेवढा पतसंस्थेचं कर्ज काढून घेतला होता. अडुसष्ट हजारांचा, सोळा जीबी मेमरी, ग्राफिक्स कार्ड चार जीबीचं. दुकानदार म्हणाला होता, "यावर सगळं चालतं." दुकानदार नेहमी असंच म्हणतात.

आता एक कबुली देतो. पहिल्या वर्षी आम्ही काहीच निवडलं नाही. वर्गातल्या सगळ्यांनी केलं तेच केलं. कुणा सीनिअरकडून सातशे रुपयांत पेनड्राईव्ह मिळत होता, त्यात यादीतलं सगळं, कुलूप तोडलेलं. अँटिव्हायरस बंद करून टाकायचं, एवढीच अट. आम्हाला ते कळलं नाही असं नाही. वर्गात फळ्यावर सुविचार आम्हीच लिहितो. पण खऱ्या परवान्यांचे आकडे बघितल्यावर दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि कुणी काही बोललं नाही. अब्बांनी विचारलं, एवढ्या स्वस्तात कसं? आम्ही म्हटलं, विद्यार्थ्यांना सवलत असते. हे खोटं बोललो त्याची बोचणी अजून आहे. गंमत अशी की ते अर्धं खरंही होतं. सवलत खरोखरच होती, आम्ही शोधली नव्हती.

एप्रिल २०२३ मध्ये, सबमिशनला तीन दिवस राहिले असताना, छोटीच्या सगळ्या फायलींच्या नावापुढे विचित्र अक्षरं लागली आणि एकही उघडेना. स्क्रीनवर पैशांची मागणी करणारी इंग्रजी चिठ्ठी. दीड महिन्याचं काम गेलं. ती तीन रात्री जागून हाताने ड्रॉइंग काढत बसली आणि आम्ही आळीपाळीने तिच्याजवळ बसलो, पेन्सिलींना टोक करत. दुसरं काय करणार होतो?

त्या सुट्टीत आम्ही तिघं निवड करायला बसलो. बी.एड.ला अध्यापनाची सूत्रं पाठ केली होती: ज्ञाताकडून अज्ञाताकडे, सोप्याकडून कठीणाकडे, मूर्ताकडून अमूर्ताकडे. परीक्षेनंतर ती कधी उपयोगी पडतील असं वाटलं नव्हतं. पण ती लावून बघितल्यावर यादीचा गुंता बराच सुटला. ही सगळी सॉफ्टवेअरं एका जातीची नाहीतच. काहींत इमारतीचा आकार घडवायचा असतो, त्याला मॉडेलिंग म्हणतात. काहींत त्या घडवलेल्या आकारावर प्रकाश, रंग, काच, विटा चढवून फोटोसारखं चित्र काढायचं असतं, ते रेंडरिंग. मुलं दुसऱ्यावर भाळतात आणि पहिलं कच्चं राहतं. शाळेत अक्षर सुंदर आणि उत्तर चूक असणारी मुलं असतात, तसंच.

मॉडेलिंगमध्येही तीन स्वभाव दिसले. स्केचअप हे सगळ्यांत लवकर हाताला येणारं. जमिनीवर चौकोन काढा, त्याला धरून वर ओढा, खोली तयार. २००० साली अमेरिकेत निघालं, २००६ मध्ये गूगलने विकत घेतलं, २०१२ मध्ये ट्रिंबल कंपनीकडे गेलं. संगणकावर टाकायची फुकट आवृत्ती २०१७ नंतर निघालीच नाही. आता फुकट हवं तर इंटरनेटवर ब्राउझरमध्ये वापरायचं, नाहीतर विद्यार्थ्यांच्या सवलतीत वर्षाची वर्गणी भरायची. दुसरा स्वभाव रेव्हिटचा. स्केचअपला भिंत म्हणजे नुसता ठोकळा. रेव्हिटला माहीत असतं की ही भिंत आहे, इतक्या जाडीची, विटेची. तिच्यात खिडकी बसवली की भिंत आपोआप कापली जाते, नकाशात, उभ्या छेदात, खिडक्यांच्या तक्त्यात सगळीकडे नोंद होते. अब्बांना हे एकच सॉफ्टवेअर मनापासून आवडलं. "मतलब माल का हिसाब भी येच बताता?" आणि हे विद्यार्थ्याला कॉलेजचा पुरावा दिल्यावर वर्षावर्षाने फुकट मिळतं! ऑटोकॅडही त्याच कंपनीचं, तेही तसंच मिळतं. म्हणजे सातशे रुपये देऊन आम्ही जी चोरी केली त्यातला निम्मा माल फुकट वाटला जात होता. हे वाचल्यावर आम्ही दोघं बराच वेळ गप्प होतो.

तिसरा स्वभाव रायनोचा, आणि तो आम्हाला गोलघुमटामुळे कळला. विजापूर आमच्यापासून शंभरेक किलोमीटर. अब्बांना घेऊन आम्ही त्या मे महिन्यात गेलो. १६५६ च्या सुमारास पूर्ण झालेली इमारत. तिच्या घुमटाचा आतला व्यास सुमारे अडतीस मीटर, आणि मधे एकही खांब नाही. खालची खोली चौकोनी आणि वरचा घुमट गोल, मग हे जुळलं कसं? दोन चौरस एकमेकांवर तिरके ठेवल्यासारख्या आठ कमानी एकमेकींना छेदत वर जातात आणि शेवटी गोल कडं तयार होतं. बांधणारा म्हणून दाभोळच्या याकूतचं नाव सांगतात, म्हणजे आपल्या कोकणातलाच. अब्बा मान वर करून इतका वेळ उभे राहिले की पहारेकऱ्याने येऊन विचारलं, बाबा, बरं वाटत नाही का?

घरी आल्यावर छोटीने हौसेने स्केचअपमध्ये घुमट काढायला घेतला आणि भलतंच सापडलं. स्केचअपचं वर्तुळ हे वर्तुळच नसतं. तुम्ही काही सांगितलं नाही तर तो चोवीस बाजूंचा बहुभुज असतो. आमच्यातल्या गणितवाल्याला हे ऐकून राहवलं नाही. आमच्या वर्गात त्रिज्येला निस्फ कुत्र म्हणतात, काटकोनाला कायमा जाविया. छोटीनेही तेच शब्द शिकलेले. कागदावर 'निस्फ कुत्र = १९ मीटर' लिहून हिशोब मांडला: चोवीस बाजू घेतल्या तर प्रत्येक बाजूच्या मध्यावर खऱ्या वर्तुळापासून सोळा सेंटिमीटरचा फरक पडतो. सहा इंचांहून जास्त! बाजू शहाण्णव केल्या तर फरक एका सेंटिमीटरवर येतो, पण तशी गोलाई सगळीकडे वापरली की फाईल जड होते आणि लॅपटॉप धापा टाकतो. रायनोमध्ये वर्तुळ हे सूत्रात साठवलेलं असतं, त्यामुळे कितीही जवळ गेलं तरी कोपरा सापडत नाही. वळणदार इमारती काढणाऱ्यांना ते का हवं असतं ते तेव्हा समजलं. त्याचा परवाना एकदाच घ्यावा लागतो, विद्यार्थ्यांना बराच स्वस्त, आणि नव्वद दिवस पूर्ण वापरून बघता येतं. पण छोटीला तिसऱ्या वर्षापर्यंत साध्या भिंतींची छोटी इमारतच काढायची होती. रायनो पुढे ढकललं. ज्या मुलांना अशा आकारांची ओढ आहे त्यांनी मात्र ते पुढे ढकलू नये असं आमचं मत आहे.

रेंडरिंगचं लवकर उरकलं, कारण तिथे निवड आमच्या लॅपटॉपनेच केली. लुमिऑन सुंदर, झाडं हलतात, माणसं चालतात. पण चांगलं ग्राफिक्स कार्ड असेल तरच. ट्विनमोशन विद्यार्थ्यांना फुकट, तेही बघितलं. दहा मिनिटांत लॅपटॉप तव्यासारखा तापला. (त्यात आमचाही दोष होता. लॅपटॉप सोलापुरी चादरीवर ठेवला होता आणि खालच्या झरोक्यांतून हवा जायला जागाच नव्हती. मे महिन्यात, सोलापुरात!) व्ही-रेची वर्गणी आम्हाला जड होती. राहिलं ब्लेंडर. ते पूर्ण फुकट, कायमचं, आणि चोरी न करता. त्याची कहाणीही आम्हाला भावली. बनवणारी कंपनी बुडाल्यावर २००२ मध्ये टोन रोझेंडाल यांनी लोकांकडून एक लाख युरो गोळा करून सॉफ्टवेअर सोडवून घेतलं आणि सगळ्यांसाठी मोकळं केलं. सात आठवड्यांत पैसे जमले. मोहल्ल्यात मशिदीच्या स्लॅबसाठी वर्गणी काढतात तशी जगभरातून वर्गणी निघाली म्हणा ना. शिकायला कठीण आहे, ते लपवत नाही. पहिले दोन महिने छोटी त्याच्या बटणांना शिव्या देत होती. पण २०१९ मध्ये आलेल्या आवृत्तीपासून ते बरंच सोपं झालं आहे असं तिच्या सरांनीही सांगितलं. चित्र रात्री लावून झोपायचं, सकाळी तयार.

तर निवड ठरली: विचार करायला स्केचअप, नकाशांसाठी रेव्हिट, चित्रासाठी ब्लेंडर. खर्च फक्त स्केचअपच्या वर्गणीचा. आम्हाला वाटलं, संपलं काम.

डिसेंबर २०२४. तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प, मोहल्ल्यातलं वाचनालय. ज्युरीला २१ जून आणि २१ डिसेंबर या दोन दिवसांच्या भर दुपारच्या सावल्या दाखवायच्या होत्या. छोटीने चित्रं काढली. आम्ही बघितली, तिच्या सरांनी बघितली, सगळ्यांनी छान म्हटलं. दक्षिणेच्या भिंतीला तीन फुटी छज्जा, उत्तरेला वाचनकक्षाची मोठी मोकळी काच, कारण पुस्तकात लिहिलेलं असतं, उत्तरेचा प्रकाश वाचायला चांगला.

अब्बांनी चश्मा लावून लॅपटॉप मांडीवर घेतला. आधी डिसेंबरचं चित्र बघितलं, मग जूनचं, मग परत डिसेंबरचं.

"ये छांव अपने गाँव की नै."

"अब्बा, संगणकानं काढलीय ती. त्याला सूर्याचं गणित माहीत असतं."

"उसको मालूम होगा. मगर ये छांव यहाँ की नै. मिरगात दुपारी सावली दक्षिणेला पडते. इथं उत्तरेला पडलीय."

अब्बा रागावले किंवा खात्रीने बोलायला लागले की असे मराठीत येतात. साईटवरची सवय.

आम्ही समजूत घालायला निघालो होतो, पण आमच्यातला विज्ञानवाला थबकला. सोलापूर साधारण १७ अंश ४० कलांवर. सूर्य उत्तरेला साडेतेवीस अंशांपर्यंत जातो. म्हणजे मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. हे आम्ही दरवर्षी सातवी-आठवीला शिकवतो! शून्य सावलीचा दिवस म्हणून मुलांना अंगणात उभं करतो. आणि चित्र बघताना आम्हा दोघांपैकी एकालाही ते आठवलं नाही. अब्बांनी शिकवलेलं नव्हतं, भिंतींना गिलावा केला होता. मे-जूनमध्ये उत्तरेच्या भिंतीलाही पाणी जास्त मारावं लागतं हे त्यांच्या हाताला माहीत होतं.

छोटीने खिडक्यांमागून खिडक्या उघडल्या आणि शेवटी सापडलं. मॉडेलचं ठिकाण तिने भरलंच नव्हतं. ते भरलं नाही तर स्केचअप स्वतःचं गाव धरतं: बोल्डर, अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातलं, जिथे ते जन्मलं. अक्षांश चाळीस. आम्ही तिथेच कागदावर गणित केलं. दहा फुटांच्या भिंतीची २१ डिसेंबरच्या दुपारी सावली बोल्डरमध्ये वीस फूट, सोलापुरात पावणेनऊ. २१ जूनला बोल्डरमध्ये तीन फूट, उत्तरेकडे. सोलापुरात जेमतेम एक फूट, आणि तीही दक्षिणेकडे. आमच्या मोहल्ल्याचं वाचनालय बर्फाच्या मुलखात उभं होतं आणि आम्ही छान म्हणत होतो.

चूक नुसत्या चित्राची असती तर तासाभराचं काम होतं. पण छोटीने त्या सावल्या बघून छज्जा ठरवला होता, काच ठरवली होती. ठिकाण बदलताच दिसलं की जूनमध्ये दुपारी ज्या दक्षिणेच्या भिंतीसाठी तिने छज्जा बाहेर काढला होता तिच्यावर ऊनच येत नाही, आणि उत्तरेच्या मोकळ्या काचेवर सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येऊन थेट वाचणाऱ्याच्या डोळ्यांत जातं. ज्युरीला पाच दिवस होते. ती उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. भाभी मागे गेली. आतून बराच वेळ काही ऐकू आलं नाही, मग रडणं ऐकू आलं. "उर्दू मीडियमवालीला एवढंही कळत नाही म्हणतील," असं ती म्हणत होती. हे वाक्य तिला पहिल्या वर्षी कुणीतरी खरंच ऐकवलं होतं, ते आम्हाला त्या दिवशी समजलं.

अब्बा बाहेर खाटेवर बसून होते. त्यांना वाटत होतं, बोललो नसतो तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार, २१ डिसेंबर. सकाळची शाळा करून आम्ही घरी आलो तर अंगणात अब्बा. हातात ओळंबा आणि तीन फुटांची सरळ काठी. मशिदीच्या वेळापत्रकात झवालची वेळ बघून ठेवलेली, दुपारी साडेबाराच्या जरा आधी. सावलीवरून वेळ काढायची रीत त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलेली. असरची वेळ तर सावलीच्या लांबीवरच ठरते. ओळंब्याने काठी अगदी उभी केली, बुडाला विटांचे तुकडे दाबले, आणि छोटीला हाक मारली. ती सुजलेल्या डोळ्यांनी लॅपटॉप घेऊन आली. तिने मॉडेलमध्ये ठिकाण सोलापूर केलं, तारीख-वेळ घातली आणि तीन फुटांची एक काठी काढली.

"किती आली?"

"एकतीस इंच आणि थोडं वर. साडेएकतीसच्या आत."

अब्बांनी टेप लावला, वाकून बघितलं, आणि टेप तसाच धरून तिला बघायला बोलावलं. एकतीसच्या रेघेच्या पुढे, साडेएकतीसच्या अलीकडे सावलीचं टोक होतं, थोडं अस्पष्ट, कारण सावलीची कड कधी धारदार नसतेच.

"हौ," अब्बा म्हणाले. "अब ये यहाँ का है."

चार रात्री लागल्या. दक्षिणेचा छज्जा तिने कमी करून डिसेंबरच्या उन्हापुरता ठेवला, उत्तरेच्या काचेसमोर उभ्या विटांची जाळी घातली. जाळीत विटा कशा लावायच्या ते अब्बांनी खऱ्या विटा मांडून दाखवलं, कारण स्केचअपमध्ये तिने लावल्या होत्या तशा लावल्या तर वरची रांग टिकली नसती. ब्लेंडरमध्ये सूर्य सोलापूरच्या अक्षांशावर बसवला. वेळ कमी असल्याने चित्रं थोडी दाणेदार राहिली. ज्युरीत इतरांची चित्रं हिच्यापेक्षा चकचकीत होती, आकाश निळंशार, काचेत ढग. एका परीक्षकांनी तसं बोलूनही दाखवलं. दुसऱ्यांनी सावलीच्या तक्त्यासमोर थांबून विचारलं, उत्तरेला जाळी का? तिने अंगणातल्या काठीचा फोटो दाखवला. मार्क बरे आले, सगळ्यांत जास्त नाही आले.

घरी आल्यावर तिने अब्बांना सगळी चित्रं पुन्हा दाखवली. त्यांनी जाळी बघितली, सावली बघितली, मान हलवली. मग बोटाने छपराच्या कडेवर थांबले.

"बारिश का पानी किधर से उतरता?"

छोटीने आमच्याकडे बघितलं. आम्ही तिच्याकडे.